कांगाल : मेंढरांच्या राखणदाराची गोष्ट

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण आधीच हसलेले दिसतायत. आपल्याकडे ‘कंगाल’ म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही असा माणूस. पण हा शब्द वेगळा आहे. तुर्कस्तानात सिवास नावाचा प्रांत आहे, त्यात कांगाल नावाचं तालुक्याचं गाव आहे, आणि त्या गावाच्या नावाने एक कुत्रा जगभर ओळखला जातो. उच्चार ‘कांगाल’, पहिला ‘का’ जरा लांबवायचा. मेंढरं राखणारा कुत्रा. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

इतिहासाच्या मालिकेत कुत्रा कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी दोन घटना तुमच्यासमोर ठेवतो. पहिली आफ्रिकेतल्या नामिबियातली. तिथे १९९४ पासून हा कुत्रा शेतकऱ्यांना दिला जातोय, आणि तो दिला जातो चित्ता वाचावा म्हणून. दुसरी घटना आपल्याकडची. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं. माणसाच्या जिवाला धोकादायक अशा वीस-पंचवीस कुत्र्यांच्या जातींची त्यात यादी होती. त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा असं म्हटलं होतं. त्या यादीत कांगाल होता. त्याचा पांढरा भाऊबंद अकबाश, तोही होता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, ती गोष्ट वेगळी. प्रश्न असा आहे की एकच कुत्रा एका देशात वन्यजीवांचा रक्षक आणि दुसऱ्या देशात हिंस्र श्वापद कसा काय ठरतो? दोन्हीकडची माणसं वेडी नाहीत. मग फरक कुठे पडतो? याचं उत्तर कुत्र्याच्या रक्तात कमी आणि त्याच्या इतिहासात जास्त आहे.

राखणीचा कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फाटकावरची पाटी, ‘कुत्र्यापासून सावध रहा’. हे चित्र फार जुनं आहे. इराकमध्ये निनवे नावाची असीरियन राजांची राजधानी होती. तिथल्या अशुरबनिपालच्या राजवाड्यात, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकात, मातीच्या पाच छोट्या कुत्र्यांच्या मूर्ती सापडल्या. आज त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वाईट शक्ती घरात शिरू नयेत म्हणून त्या पुरल्या जात. प्रत्येक मूर्तीवर त्या कुत्र्याचं नाव कोरलंय. एकाच्या नावाचा अर्थ ‘शत्रूला पकडणारा’, एकाचा ‘ज्याचं भुंकणं मोठं तो’, आणि एकाचं नाव आहे ‘विचार करू नकोस, चाव!’ हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे यायचंय. त्याच राजवाड्याच्या भिंतींवर शिकारीची शिल्पं आहेत, त्यांत जाड मानेचे दांडगे कुत्रे दिसतात. कांगालचे शौकीन ही शिल्पं दाखवून म्हणतात, बघा, आमचा कुत्रा अडीच हजार वर्षांपूर्वीचा! पण दिसण्यातलं साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. मोठा कुत्रा हवा होता म्हणून लोकांनी मोठा कुत्रा निवडला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

त्यापेक्षा रोमन लेखक जास्त उपयोगी पडतात, कारण ते शेतीवर लिहीत होते. पहिल्या शतकातल्या कोलुमेलाने राखणीच्या कुत्र्यांत स्पष्ट दोन भाग केलेत. घर राखणारा कुत्रा काळा असावा, म्हणजे चोराला दिवसा तो भयंकर दिसतो आणि रात्री दिसतच नाही. मेंढरं राखणारा मात्र पांढरा असावा, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात धनी त्यालाच लांडगा समजून मारणार नाही. बघा, किती व्यवहारी माणूस! पण यात मोठी गोष्ट दडलीय. घराच्या कुत्र्याचं काम माणसाला घाबरवणं, कळपाच्या कुत्र्याचं काम लांडग्याला अडवणं. दोघांनाही आपण ‘राखणीचा कुत्रा’ म्हणतो, पण हे धंदेच दोन आहेत.

त्याच्याही आधीचा वारो, इ.स.पू. पहिल्या शतकातला. तो कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचं वर्णन करतो. जाड चामड्याचा पट्टा, त्यातून बाहेर निघालेले खिळे, आणि खिळ्यांची डोकी मानेला टोचू नयेत म्हणून आतून मऊ चामड्याचा थर. लांडगा मानेला धरतो, म्हणून ही तजवीज. आज तुम्ही सिवासच्या माळावर गेलात तर कांगालच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा असाच पट्टा दिसतो. साधन टिकलं, कारण लांडगा टिकला.

वारोने एक किस्साही दिलाय. एका रोमन माणसाने लांबच्या उंब्रिया भागातून मेंढरांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे आले, मेंढपाळ आले नाहीत. मेंढपाळांनी फक्त कळप नव्या कुरणापर्यंत पोचवून परत यायचं, असं ठरलं. ते परत गेले, आणि काही दिवसांनी त्यांचे कुत्रेही अनेक दिवसांची वाट तुडवत, वाटेत मिळेल ते खात, त्यांच्यामागे उंब्रियाला जाऊन पोचले. म्हणजे कुत्रा विकत घेतला तरी त्याची राखण सौद्यात येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज कुत्र्याचा भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला ऐकवावीशी वाटते.

आता अनातोलियात येऊ. सिवास म्हणजे मध्य तुर्कस्तानातलं उंच पठार, समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर आणि त्याहून वर. झाडं कमी, गवत जास्त. उन्हाळा कोरडा, आणि हिवाळ्यात शून्याच्या खूप खाली जाणारी थंडी. इथली मेंढी जाड चरबीच्या शेपटीची, आक्कारामान नावाची. शत्रू म्हणजे लांडगा, कोल्हा, डोंगराकडच्या बाजूला अस्वल. अकराव्या शतकात, विशेषतः १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईनंतर, मध्य आशियातल्या तुर्कमेन टोळ्या आपली मेंढरं घेऊन मोठ्या संख्येने इथे आल्या. त्यांच्याबरोबर कुत्रेही आले, असं बरेच जण मानतात. ते पटण्यासारखं आहे. मेंढपाळ कुत्र्याशिवाय प्रवास करत नाही. पण पठार काही रिकामं नव्हतं. तिथे त्याआधी हजारो वर्षं मेंढरं होती, म्हणजे कुत्रेही असणारच. तेव्हा आलेले आणि असलेले, दोन्ही मिसळले असं धरणं शहाणपणाचं.

दंतकथा मात्र वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला आवडेल. सिवासकडे सांगतात की हिंदुस्थानातल्या एका महाराजाने उस्मानी सुलतानाला एक कुत्रा नजर केला. त्या कुत्र्याने दरबारात सिंहाला लोळवलं. पुढे सुलतान त्याला मोहिमेवर घेऊन निघाला, आणि कांगालजवळ तो कुत्रा हरवला. त्याचीच ही प्रजा! (हशा) म्हणजे मूळ आपलंच निघालं! याला पुरावा काही नाही. पण दंतकथा खोटी असली तरी ती काहीतरी सांगते. साध्या मेंढपाळाच्या कुत्र्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, तर त्याला राजाच्या दरबारातून आणावं लागतं. खरं तर ह्या कुत्र्याला घडवलं ते गुडघाभर बर्फातून मेंढरं हाकणाऱ्या निरक्षर माणसांनी. जो कुत्रा मेंढीला चावला तो त्यांनी ठेवला नाही. जो लांडगा पाहून पळाला तोही ठेवला नाही. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. वंशावळीची वही नव्हती, पण निवड फार कडक होती.

दिसायला कांगाल कसा? रंग वाळलेल्या गवतासारखा, फिकट पिवळसर ते करडा. तोंड आणि कान काळे. म्हणून त्याचं जुनं नाव ‘काराबाश’, म्हणजे काळ्या डोक्याचा. ‘अकबाश’ म्हणजे पांढऱ्या डोक्याचा. नर खांद्यापाशी पाऊण मीटरच्या आसपास उंच आणि ५० ते ६० किलो वजनाचा. म्हणजे तो मोठा आहे, पण थुलथुलीत नाही. कळपाबरोबर दिवसभर चालायचं आणि गरज पडली तर धावायचं, तर फार जड शरीर चालत नाही. अंगावर केसांचे दोन थर, आतला दाट आणि मऊ, बाहेरचा राठ. त्यामुळे बर्फात झोपता येतं. शेपटी एरवी खाली, सावध झाला की वर्तुळासारखी पाठीवर वळते. मेंढपाळ लांबून शेपटी बघूनच ओळखतो की काहीतरी आहे. लांडग्याला धरायला जागा मिळू नये म्हणून पूर्वी त्यांचे कान कापत.

पण खरी ओळख स्वभावाची आहे. कुत्र्याचे पूर्वज शिकारी. शिकारीचा एक क्रम असतो: नजर लावणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, चावा, फाडणं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी ह्या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या ठळक केल्या. आपल्याकडचा कारवान घ्या. त्याचा पाठलाग बघावा. ब्रिटनमधला बॉर्डर कॉली मेंढ्या वळवतो. तो नजर लावतो, दबकतो, पाठलाग करतो, पण चावत नाही. मेंढी त्याला घाबरते, म्हणूनच वळते. आणि कांगालसारख्या कुत्र्यात ही सगळी साखळीच मंद झालेली असते. मेंढी पळाली तरी हा मागे पळत नाही. कोकरू अंगावर उड्या मारतं, हा पडून राहतो. मेंढी त्याला घाबरत नाही, आणि म्हणूनच तो कळपात राहू शकतो. सगळ्या राखणीचा पाया तो आहे.

मग तो राखतो कसा? रात्री तो कळपापासून थोड्या उंचवट्यावर बसतो. वारा बदलला की जागा बदलतो. फेऱ्या मारतो, वासाच्या खुणा सोडतो. काही संशयास्पद दिसलं की भुंकतो. तेवढ्याने भागलं नाही तर उठून मेंढरं आणि पाहुणा यांच्यामध्ये जाऊन उभा राहतो. मग अंगावर धावल्याचा आव. आणि हे सगळं करून जमलं नाही, तरच मारामारी. बहुतेक रात्री मारामारी होतच नाही. लांडगाही हिशेबी प्राणी आहे. जखमी झाला तर उपाशी मरेल, हे त्याला कळतं. तो दुसरीकडे जातो. इंटरनेटवर कांगालच्या जबड्याच्या ताकदीचे आकडे फिरतात, लोक ते मोठ्या हौसेने सांगतात. पण या कुत्र्याचं कौतुक जबड्यात मोजणं म्हणजे वॉचमनची लायकी त्याच्या काठीवरून ठरवणं.

हा स्वभाव सगळा उपजत आहे का? इथे अमेरिकेतल्या रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याचं काम महत्त्वाचं आहे. पार्श्वभूमी अशी: कोयोटी मेंढ्या खातात म्हणून तिथे सर्रास विष घातलं जाई. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा विषाला बंदी केली. आता मेंढपाळांनी करायचं काय? तेव्हा जुन्या जगातले कुत्रे आठवले. कॉपिंजर दांपत्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजमध्ये प्रकल्प सुरू केला. तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया इथून कुत्रे आणले, शेतकऱ्यांकडे ठेवले, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. चांगल्या राखणदाराच्या त्यांनी तीन कसोट्या सांगितल्या. तो कळपाकडे लक्ष देतो का, कळपाला इजा न करण्याइतका विश्वासू आहे का, आणि संकटाला अडवतो का. क्रम बघा. अडवणं शेवटी आहे.

त्यांचा दुसरा निष्कर्ष तर माझ्या मते ह्या व्याख्यानाचा गाभा आहे. पिल्लाच्या आयुष्यातले पहिले तीन-चार महिने निर्णायक असतात. त्या काळात ज्यांच्यात ते वाढतं, ते त्याचे ‘आपले’. मेंढरांत वाढलं तर मेंढरं आपली. घरात सोफ्यावर वाढलं तर माणसं आपली, आणि पुढे मेंढरांत नेलं तर त्याला काही कळत नाही. चांगल्या रक्ताचं पिल्लू चुकीच्या जागी वाढलं तर राखणदार होत नाही. सिवासच्या मेंढपाळाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्याकडे पिल्लं गोठ्यातच जन्मायची, मोठ्या कुत्र्यांच्या मागे माळावर जायची, दीड-दोन वर्षांत तयार व्हायची.

याच काळात कागदावर वेगळाच इतिहास चालू होता. १९६० च्या दशकात ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांनी तुर्कस्तानातून हे कुत्रे नेले. ब्रिटनमध्ये आधी त्यांची नोंद ‘काराबाश’ या नावाने झाली. १९८३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने सगळे रंग एकत्र घेऊन ‘अनातोलियन शेफर्ड’ असं नाव केलं. तुर्की लोक म्हणाले, हे काय? आमचा कांगाल वेगळा, अकबाश वेगळा, तुम्ही खिचडी केलीत! वाद कित्येक वर्षं चालला. २०१३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने कांगालला स्वतंत्र मान्यता दिली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नोंदीतलं ‘अनातोलियन’ हे नाव काढून ‘कांगाल’ केलं. दरम्यान तुर्कस्तानात तो राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला आणि त्याला परदेशी नेण्यावर बंधनं आली. या वादात दोन्ही बाजूंना थोडंथोडं खरं सापडतं. पण मेंढपाळाने कधी विचारलं नसतं की ह्याच्या छातीवर पांढरा ठिपका किती मोठा चालेल. जात म्हणजे कामाचं नाव होतं, ते आता रूपाचं नाव झालं.

आता नामिबिया. १९८० च्या दशकात तिथले शेतकरी दर वर्षी शेकडो चित्ते मारत किंवा पकडत. चित्ता शेळ्या-मेंढ्या, वासरं नेतो ही भीती. लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये चित्ता संवर्धन निधी सुरू केला आणि आधी शेतकऱ्यांचं ऐकून घेतलं. १९९४ मध्ये अमेरिकेतून अनातोलियन कुत्रे आणले. पिल्लं लहानपणीच शेळ्यांच्या गोठ्यात ठेवायची, शेतकऱ्याला शिकवायचं, लसी द्यायच्या, नंतर जाऊन बघायचं. आजवर सहाशेहून जास्त कुत्रे दिले गेलेत. चित्त्याच्या बाबतीत हा उपाय नेमका बसतो, कारण चित्ता वेगवान असला तरी अंगाने नाजूक. पाय दुखावला तर शिकार बंद. त्यामुळे मोठा कुत्रा उभा राहून भुंकला की तो वाद घालत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७३ टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं की कुत्रा आल्यापासून नुकसान खूप कमी झालं. ज्याची शेळी वाचली, त्याच्या बंदुकीपासून चित्ता वाचला.

सगळं गोड नाही हेही सांगितलं पाहिजे. हे कुत्रे कधीकधी कोल्ह्यांना मारतात. काही कुत्रे कळप सोडून भटकतात. काही सापाने, अपघाताने लवकर मरतात. कुत्र्याला खायला चांगलं लागतं, आणि गरीब शेतकऱ्याला ते परवडतंच असं नाही. म्हणजे कुत्रा दिला आणि काम झालं, असं नसतं. त्याच्याभोवती माणसांची एक व्यवस्था उभी करावी लागते.

हे आपल्या दारात येऊन पोचलंय. १७ सप्टेंबर २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये आठ चित्ते उतरले, ते ह्याच नामिबियातून. आपल्या कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, तेही पुढे पुढे आफ्रिकेतूनच आणावे लागत होते. मग कुणी विचारतं, चित्ते आणले तर कांगालही आणावा का? माझं उत्तर, घाई करू नका. आपल्या माळरानावर लांडगा आहे, आणि आपला धनगर त्याच्याबरोबर पिढ्यान् पिढ्या राहतोय. रात्री मेंढरं जाळीच्या वाड्यात घालून त्याचं साधं, बिनजातीचं कुत्रं भुंकून जागं करतं, आणि बाकीचं काम माणूस करतो. त्या कुत्र्याला ना क्लबची मान्यता, ना लस. मोकाट कुत्र्यांकडून लांडग्यांना रोग जातात. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत दिसलाय. तेव्हा परदेशी जात आणण्याआधी धनगराच्या कुत्र्याला लस देणं आणि त्याची चांगली पिल्लं कळपात वाढवणं, हे स्वस्त आणि जास्त उपयोगाचं आहे. कांगालकडून शिकायचं ते हे.

आणि २०२४ ची ती यादी? तिच्यामागची भीती खोटी नाही. साठ किलोचा कुत्रा शहरात, फ्लॅटच्या गॅलरीत, साखळीला बांधून वाढवला, तर तो कुणाला आपलं मानेल? राखायला कळप नाही, फिरायला माळ नाही. तो लिफ्ट राखेल, जिना राखेल, आणि कुरियर घेऊन आलेला पोरगा त्याला लांडगा वाटेल. आपण त्याचं काम काढून घेतो, ताकद तेवढी ठेवतो, आणि मग म्हणतो, जातच वाईट. मिरवण्यासाठी असा कुत्रा घेणारा माणूस त्या यादीत नव्हता. खरं तर पहिलं नाव त्याचं असायला हवं होतं.

निनवेच्या त्या मातीच्या कुत्र्याचं नाव आठवतंय ना? ‘विचार करू नकोस, चाव!’ राजाला तसा कुत्रा हवा होता. मेंढपाळाला तो परवडला नसता. वाऱ्याने हललेलं झुडूप कुठलं आणि लांडगा कुठला, शेजारचा मेंढपाळ कुठला आणि चोर कुठला, हे काळोखात एकट्याने ठरवणारा कुत्रा त्याला लागत होता. म्हणून त्याने शेकडो वर्षं तोच निवडला. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. फक्त पिल्लू केवढ्याला मिळतं, एवढं विचारू नका.